आधी बघा, काय पेटलंय : फायर नोटिशीपासून फॉर्म बी पर्यंत

आमची सोसायटी म्हणजे खाली पार्किंग, वर सात मजले, तीन विंग आणि ८४ फ्लॅट. ताबा २००९ सालचा. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्हाला अग्निशमन विभागाची नोटीस आली आणि जुलैत आमचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जमा झाला. मधल्या काळात सेक्रेटरी म्हणून जे केलं, पाहिलं आणि शिकले ते इथे लिहिते आहे. अशी नोटीस हातात पडली की कमिटीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, निदान आमच्याकडे तसं झालं. दुसरं म्हणजे, या निमित्ताने कोणती आग कशाने विझते आणि कशाने भडकते हे आम्ही स्वतः करून पाहिलं. तो भाग सगळ्याच घरांच्या उपयोगाचा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देते.

तपासणीला दोघे जण आले. सगळ्यात आधी त्यांनी पंपरूम उघडायला सांगितली. पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वर असायला हवा, तो ‘ऑफ’वर होता. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, “रात्री सारखा पंप चालू होतो म्हणून बंद ठेवायला सांगितलंय.” कुठेतरी लाइन गळत होती, दाब कमी झाला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू व्हायचा, आणि त्याच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी कधीतरी अख्खी यंत्रणाच बंद करून टाकली होती. मग मजल्यामजल्यावरचे होज बॉक्स उघडले. आतला कॅनव्हासचा पाइप वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिल्यामुळे घडीवरच चिरला होता. पुढचं नोझल बऱ्याच ठिकाणी नव्हतंच. “पितळ असतं ना मॅडम, भंगारात जातं,” तपासणीला आलेले साहेब म्हणाले. ए विंगमध्ये तर लँडिंग व्हॉल्व्हचं चाकही काढून नेलेलं होतं, म्हणजे पाइपात पाणी असूनही ते सोडता आलं नसतं.

भिंतीवरच्या अग्निशामक बाटल्यांचा दाब दाखवणारा काटा काही ठिकाणी हिरव्यात होता, तरी त्यांनी त्या बाद केल्या. बाटल्याच्या अंगावर उत्पादनाचं वर्ष कोरलेलं किंवा छापलेलं असतं. पावडरच्या बाटल्याचं आयुष्य दहा वर्षं, कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याचं पंधरा. आमच्या सगळ्या २००९ च्या. दरवर्षी त्यांच्यावर नवा स्टिकर लागत होता, पैसेही दिले जात होते, पण ते वर्ष कुणी वाचलं नव्हतं. तुम्ही हे वाचत असाल तर आजच जिन्यात जाऊन वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त वेळ ते जिन्यात थांबले. शू रॅक, सायकली, सी विंगच्या चौथ्या मजल्यावर जुना सोफा, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. आग लागली की धूर जिन्यातून वर चढतो आणि माणसं त्याच जिन्याने खाली येतात, हे त्यांनी सोफ्याशेजारी उभं राहून सांगितलं तेव्हा चेअरमनकाकांनी तिथल्या तिथे सोफा हलवायला माणूस बोलावला.

आठवडाभरात लेखी नोटीस आली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या कायद्याखाली १२० दिवसांत त्रुटी दूर करा, असं तिच्यात होतं. या कायद्यात जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर असते. इमारत एकदा ताब्यात आली की बिल्डरकडे बोट दाखवून भागत नाही. यंत्रणा बसवल्याचा दाखला म्हणजे फॉर्म ए. ती चालू स्थितीत राखल्याचा दाखला म्हणजे फॉर्म बी, आणि हा दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, असा दोनदा द्यायचा. दोन्ही दाखले परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. परवाने राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय देतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर एजन्सींची यादी असते.

कागदांचं काम तिथून सुरू झालं. मूळ फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन विभागाचं ना-हरकत पत्र, हवी होती, कारण इमारतीत नेमकी कोणती यंत्रणा मंजूर झाली आहे, टाक्या किती लिटरच्या, पंप किती क्षमतेचे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये ती नव्हती आणि बिल्डरचं ऑफिस कधीच बंद झालेलं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे आणि जवळजवळ तेवढेच दिवस गेले. पानाला दोन रुपये भरून प्रती मिळाल्या. तुमच्याकडे नोटीस आली नसली तरी हा कागद आत्ताच मिळवून ठेवा. मुदत सुरू झाल्यावर त्याची वाट बघणं फार जिवावर येतं.

दरम्यान विशेष सर्वसाधारण सभा घेतली. “पंधरा वर्षांत काही झालं नाही, आता कशाला?” हा प्रश्न आलाच. मी उत्तर देण्याऐवजी घडीवर चिरलेला होज टेबलावर ठेवला आणि लोकांना हात लावून बघायला सांगितलं. त्यानंतर चर्चा ‘करायचं का’वरून ‘कितीत होईल’वर आली. ठराव असा झाला : अडीच लाख दुरुस्ती निधीतून आणि प्रत्येक फ्लॅटमागे २,००० रुपये. म्हणजे एकूण ४ लाख १८ हजार.

तीन कोटेशनं मागवली. एका माणसाने फोनवरच विचारलं, “मॅडम, काम पाहिजे की फॉर्म पाहिजे? फॉर्मचे आठ हजार होतील, यायचीही गरज नाही.” मी फोन ठेवला. हा प्रकार सर्रास चालतो असं मला नंतर इतर सेक्रेटरींकडून कळलं, आणि त्याचा मला मनापासून संताप आहे. त्या कागदावर ‘यंत्रणा चालू स्थितीत आहे’ असं लिहिलेलं असतं आणि सातव्या मजल्यावरचं कुटुंब त्या वाक्याच्या भरवशावर झोपतं. एजन्सी निवडताना परवान्याचा क्रमांक यादीशी ताडून बघा, मुदत संपलेली नाही ना ते बघा, आणि परवाना कोणकोणत्या कामांसाठी आहे तेही वाचा. कोटेशनमध्ये प्रत्येक वस्तूचा आयएसआय मार्क, संख्या आणि वॉरंटी वेगळी लिहून घ्या. नुसतं ‘सिस्टीम दुरुस्ती’ असा एक आकडा लिहून देणाऱ्याशी पुढे वाद होतात.

मार्चअखेर वर्क ऑर्डर दिली. त्याच सुमारास अग्निशमन केंद्रात प्रात्यक्षिकासाठी अर्ज दिला होता. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि त्या काळात केंद्रं अशा कार्यक्रमांना आवर्जून वेळ देतात. आम्हाला २० एप्रिल, शनिवार, संध्याकाळी पाचची वेळ मिळाली. फी लागली नाही. लोखंडी ट्रे, लाकूड, चिंध्या, थोडं डिझेल आणि जुने अग्निशामक बाटले आम्ही पुरवायचे होते. नोटीस देऊन मी प्रत्येक घरातून एकाने तरी यावं असं कळवलं, आणि वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या बायका, ड्रायव्हर यांना वेगळं बोलावलं. दुपारी बारा ते चार या वेळात इमारतीत असतं कोण? ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं आणि ही माणसं. आग लागली तर पहिल्या दोन मिनिटांत जे काही होईल ते त्यांच्याच हातून होणार.

स्टेशन ऑफिसर आणि दोन फायरमन आले. साहेबांनी बोलायला सुरुवात १४ एप्रिलच्या गोष्टीपासूनच केली. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. वरून पाण्याचा मारा चालू होता, पण आतली आग विझेना आणि दुपारी बोट फुटली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, शहरातली शेकडो माणसं गेली. “कापूस वरून भिजतो, आत जळत राहतो,” साहेब म्हणाले. “तुमच्या घरातली गादी पण तशीच. वरून पाणी मारून विझली वाटते. उसवून आतपर्यंत भिजवल्याशिवाय आणि बाहेर नेल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.”

मग त्यांनी मूळ गोष्ट सांगितली. आगीला जळण, उष्णता आणि हवेतला प्राणवायू लागतो, आणि या तिन्हींची साखळी चालू राहावी लागते. विझवायचे मार्ग त्यावरूनच : जळण काढून घ्या, गार करा, किंवा हवा तोडा. गावाकडे चुलीतली लाकडं मागे ओढली की जाळ उतरतो, ते जळण काढून घेणं. गॅसचा कॉक बंद करणं म्हणजे तेच. पाणी गार करतं. झाकण, ओली चादर, वाळू, फेस हवा तोडतात. पावडर त्या साखळीतच अडथळा आणते. “म्हणून धावायच्या आधी बघायचं, काय पेटलंय. एक सेकंद लागतो. चुकीची वस्तू मारलीत तर आग वाढते.” ‘काय पेटलंय?’ हे त्यांनी त्या संध्याकाळी इतक्यांदा विचारलं की शेवटी पोरं ओरडून उत्तरं द्यायला लागली.

पहिला ट्रे लाकूड आणि चिंध्यांचा. लाकूड, कागद, कापड म्हणजे ‘ए’ वर्ग, आणि इथे पाण्यासारखं काही नाही. साधी बादली आणि मग. पाणी ज्वाळेच्या टोकावर फेकायचं नाही, बुडाशी मारायचं. विझल्यावर काठीने उलथून निखारे भिजवायचे. हे सगळ्यांना येतंच असं वाटत होतं, पण पहिल्या दोघांनी पाणी ज्वाळेवरच फेकलं.

दुसरा ट्रे डिझेलचा. पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर हे ‘बी’ वर्गात येतात. पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत पेटत्या अवस्थेतच पसरतं. पार्किंगमध्ये एका स्कूटरचं पेट्रोल पेटलं आणि कुणी पाइप मारला तर शेजारच्या चार गाड्या जातील. इथे फेस, पावडर किंवा वाळू. पार्किंगमध्ये लाल बादल्या का टांगलेल्या असतात ते आमच्यातल्या अनेकांना त्या दिवशी कळलं. त्या बादल्यांत वाळू कमी आणि गुटख्याच्या पुड्या जास्त होत्या. आता महिन्याच्या एक तारखेला वाळू चाळली जाते.

बाटला चालवायचा तो या ट्रेवर. आधी दांडीवरचं प्लॅस्टिकचं सील तोडून पिन ओढायची. दांडी दाबून ठेवून पिन ओढली तर ती अडकते, बहुतेकांची तिथेच घाई होते. मग नळी हातात धरून बुडाशी नेम, दांडी दाबायची आणि डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवत पुढे जायचं. वाऱ्याची दिशा पाठीमागून हवी. सहा किलोचा बाटला साधारण पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणजे पहिल्या पाच सेकंदांत नेम बसलाच पाहिजे. विझल्यावर पाठ फिरवायची नाही, तोंड आगीकडे ठेवूनच मागे सरकायचं, कारण द्रवाची आग क्षणात पुन्हा धरते.

सरावासाठी आमचेच जुने बाटले होते. ज्यांच्या अंगावर गंज होता ते साहेबांनी आधीच बाजूला काढले, दाबाखालचं गंजलेलं भांडं फुटू शकतं. उरलेल्यांतला एक आठवीतल्या एका मुलीच्या हातात आला. तिने सगळं बरोबर केलं. पिन काढली, नेम धरला, दांडी दाबली. नळीतून फक्त फुस्स करून वारा आला. पावडर तळाशी दगडासारखी बसली होती. त्या बाटल्याचा काटा हिरव्यात होता, म्हणजे दाब होता, पण बाहेर यायला काही नव्हतं. आजूबाजूला एकदम शांतता पसरली. तीन महिन्यांतून एकदा बाटला उलटासुलटा करून आतली पावडर मोकळी झाल्याचं हाताला जाणवतं का ते बघायचं, हे तेव्हा शिकलो. आता वॉचमन ते करतो आणि वहीत सही करतो.

तिसरं प्रात्यक्षिक पेटलेल्या तेलाचं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं. एका जुन्या कढईत तेल धूर निघून पेटेपर्यंत तापवलं. सगळ्यांना दूर उभं केलं. फायरमनने लांब बांबूला बांधलेल्या वाटीतून जेमतेम अर्धी वाटी पाणी त्यात ओतलं आणि आगीचा लोळ माणसाच्या उंचीच्या वर गेला. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि त्या तापमानाला क्षणात वाफ होतं. एका लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते, ती जळतं तेल घेऊन बाहेर उडते. बायका मागे सरकल्या. कितीतरी जणींचा पहिला विचार नळाकडे धावण्याचाच असतो, त्या स्वतःच म्हणाल्या.

मग तीच कढई पुन्हा पेटवली आणि बी विंगच्या एका काकूंना पुढे बोलावलं. गॅस बंद. मोठं सपाट झाकण ढालीसारखं पुढे धरून, आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवायचं. वरून आपटायचं नाही. झाकण नसेल तर परात, किंवा पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला सुती टॉवेल. पाणी ठिबकता कामा नये. ज्वाळा लगेच गेली. “आता काढू?” काकूंनी विचारलं. “अजिबात नाही. तेल गार होईपर्यंत हात लावायचा नाही. उघडलंत की हवा मिळते, परत पेटतं,” साहेब म्हणाले. आणि पेटलेली कढई उचलून सिंककडे किंवा बाल्कनीकडे न्यायची नाही, मग कितीही जवळ असली तरी. भाजण्याचे बरेच प्रकार कढई उचलल्यामुळे होतात, हे ते कळवळून सांगत होते.

गॅसचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण पाइपगॅस न आलेल्या घरांत १४.२ किलोचा सिलिंडर अजून आहेच. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलाही स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद, पांढरी टोपी सिलिंडरवर, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन १९०६ वर फोन. सिलिंडरच्या तोंडाशी किंवा नळीला आग लागली तर ओलं गोणपाट किंवा जाड सुती चादर हातावरून पुढे घेऊन वरून गुंडाळायची आणि रेग्युलेटर फिरवून बंद करायचा. एका फायरमनने हे प्रत्यक्ष करून दाखवलं, आणि मग आमच्या वॉचमनने केलं. त्याचा हात थरथरत होता पण त्याने केलं.

इथे एक गोष्ट नवीन कळली. गॅसचा पुरवठा बंद करता येत नसेल तर ज्वाळा विझवायची नाही. ज्वाळा विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीभर साचतो आणि मग एका ठिणगीने स्फोट होतो. अशा वेळी माणसं बाहेर काढायची, १०१ ला फोन करायचा, आणि सुरक्षित अंतरावरून पाणी मारता येत असेल तर सिलिंडर गार ठेवायचा. रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. त्या रात्री अर्ध्या सोसायटीने ओट्याखाली वाकून ती तारीख वाचली.

विजेच्या आगीत पहिलं काम मेन स्विच बंद. वीज चालू असताना पाणी नाही. मीटररूम आणि लिफ्टच्या मशीनरूमसाठी कार्बन डायऑक्साइडचा बाटला, कारण तो मागे काही सोडत नाही. पावडर यंत्रात शिरली की यंत्र गेलं समजा. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याला काटा नसतो, भरलेला आहे की नाही ते वजन करून बघतात. पुढचा काळा भोंगा उघड्या हाताने धरायचा नाही, वायू इतका गार येतो की कातडी जळते. आणि छोट्या बंद खोलीत तो मारून तिथेच उभं राहायचं नाही, तुमचाही प्राणवायू तो घालवतो.

धातूंच्या आगीचं साहेबांनी थोडक्यात सांगितलं, पण आमच्याकडे एमआयडीसीत काम करणारे दोघे-तिघे आहेत. त्यांच्यासाठी : मॅग्नेशियमचा कीस किंवा सोडियम पेटला तर पाणी, फेस, कार्बन डायऑक्साइड काहीही नाही. कोरडी वाळू किंवा त्यासाठीची खास पावडर.

जास्त प्रश्न आले ते इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीवर. लिथियमची बॅटरी आतून तापत जाते, एक सेल दुसऱ्याला पेटवतो आणि बाहेरची हवा तोडून ते थांबत नाही. पावडरने ज्वाळा दबते, थोड्या वेळाने पुन्हा उसळते. तिला भरपूर पाणी लागतं, बराच वेळ, गार करण्यासाठी. चार्जरची वीज आधी तोडायची. धूर विषारी असतो, म्हणून रहिवाशांनी जवळ जायचं नाही, लांब व्हायचं आणि १०१. बॅटरी काढून घरात आणून दाराशी किंवा पॅसेजमध्ये रात्रभर चार्जिंगला लावणं सगळ्यात वाईट, कारण ती पेटली तर बाहेर पडायचा रस्ताच बंद. आमच्याकडे तीन घरांत हेच चालू होतं.

शेवटी त्यांनी न विझवण्याबद्दल सांगितलं. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, तुमच्या पाठीशी दार असेल आणि कुणीतरी १०१ ला फोन केलेला असेल, तरच बाटला उचला. एक बाटला संपला आणि आग तशीच, तर बाहेर. खोलीचं दार ओढून घ्या पण कुलूप लावू नका. लिफ्ट नाही. धूर असेल तर जमिनीलगत रांगत. अंगावरचे कपडे पेटले तर धावायचं नाही, जमिनीवर लोळायचं किंवा सुती, लोकरी चादरीत गुंडाळायचं. भाजलेल्या जागी नळाचं साधं पाणी वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही.

मे महिना कामात गेला. सगळे पावडरचे बाटले नवे घेतले, सहा किलोचा एक साधारण २,४०० रुपयांना. कार्बन डायऑक्साइडचे साडेचार किलोचे महाग, एकेक साडेसहा हजारांच्या आसपास. नोझलं मुद्दाम पितळेऐवजी स्टेनलेस स्टीलची घेतली, चोरून नेण्यात फारसा फायदा उरत नाही. गळती ए विंगच्या पार्किंगमधल्या जोडात निघाली. ती काढल्यावर जॉकी पंप शांत झाला आणि स्विच ‘ऑटो’वर ठेवण्याबद्दल कुणाची तक्रार राहिली नाही. जीएसटी धरून एकूण बिल ४ लाख १२ हजार झालं.

शू रॅकचा प्रश्न पैशांपेक्षा जड गेला. नोटिसा लावून काही झालं नाही. मग मी आणि खजिनदारताई घरोघरी गेलो, आणि दाराच्या आत दीड फूट रुंदीची रॅक कुठे बसते ते एकेका घरात मापून दाखवलं. ज्येष्ठांना बूट घालायला बसायची जागा हवी होती, तीही आतच काढून दिली. जूनपर्यंत जिने मोकळे झाले. गच्चीच्या दाराचं कुलूप काढून आतून उघडणारी कडी लावली.

आमच्याकडे लोकसभेचं मतदान २० मे ला होतं, त्यामुळे कर्मचारी निवडणुकीच्या ड्युटीवर आणि फेरतपासणीची तारीख मिळेना. मुदत संपत आली होती. तेव्हा एक करा : मुदतीच्या आत पूर्ततेचं पत्र द्या, सोबत वर्क ऑर्डर, बिलं आणि फोटो जोडा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. आम्ही मेअखेर दिलं, फेरतपासणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. सातव्या मजल्यावर होज लावून पाणी सोडलं तेव्हा दोन माणसांना तो धरून ठेवायला जोर लावावा लागला. रहिवाशांनी आधी होज रील वापरावी असं साहेबांचं म्हणणं. तो बारीक रबरी पाइप एकट्याने ओढता येतो. सत्तरीच्या आजोबांनी तो ओढून व्हॉल्व्ह उघडून दाखवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एजन्सीने प्रत्येक मजला तपासून फॉर्म बी दिला. त्यावर परवाना क्रमांक, तारीख, सही, शिक्का बघून घेतला आणि केंद्रात जमा केला. त्याची प्रत तिन्ही लॉबींत लावली आहे. जानेवारीच्या फॉर्मसाठी एजन्सीला डिसेंबरचा दुसरा आठवडा आत्ताच सांगून ठेवला आहे, कारण जानेवारीत सगळ्या सोसायट्या एकदम त्यांच्या मागे लागतात.

उरलेल्या सहा हजारांतून प्रत्येक विंगच्या वॉचमन केबिनमध्ये एकेक फायर ब्लँकेट आणि टॉर्च ठेवला. घरासाठी घ्यायचं असेल तर आयएसआय मार्कचा दोन किलोचा एबीसी पावडर (ए, बी आणि गॅसच्या म्हणजे ‘सी’ वर्गाच्या आगींसाठीचा) बाटला २०२४ साली हजार-बाराशेत येत होता. तो ओट्याजवळ टांगू नका. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हाताला लागेल अशा उंचीवर लावा, म्हणजे तो घ्यायला आगीच्या पलीकडे हात घालावा लागणार नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची जागा, वेगळा मीटर आणि घरात बॅटरी आणण्यावर बंदी हे विषय सप्टेंबरच्या वार्षिक सभेत घेतो आहोत. ज्या सोसायट्यांनी ते ठरवून टाकलंय त्यांनी ठरावाचा मसुदा पाठवला तर आमचं काम सोपं होईल.